चढावर पिकअप नाही

९ जानेवारी २००३, गुरुवार
आज पुन्हा खाडीपुलावर मंडळाच्या अँब्युलन्सने मान टाकली! मागे सालोमीबाई, ऑक्सिजन लावलेला, शेजारी त्यांचा मुलगा गॅब्रिएल. आगाशीपासून हायवेपर्यंत गाडी शहाण्यासारखी. चढ लागला — पाय दाबतोय, दाबतोय, आणि जोरच नाही. शेवटी बंद. पाच मिनिटं तशीच उभी. मग काही झालंच नाही अशी सुरू!
बोरिवलीला पोचलो. बाई वाचल्या. उतरताना गॅब्रिएल म्हणाला, "अंकल, रिक्षातून आणली असती तर बरं झालं असतं." चिडून म्हणाला असता तर चाललं असतं.

१० जानेवारी
सकाळी किती वेळ स्टार्टर मारला! बॅटरी ठणठणीत आहे. वैताग.

१२ जानेवारी, रविवार
मंडळाचे चिटणीस आले. गाडीबद्दल एक प्रश्न, माझ्याबद्दल दहा. "आत्मारामभाऊ, एकसष्ट झालं ना? आता आराम करा." म्हणजे अँब्युलन्सची चावी ठेवा. यमुना आतूनच, "ठेवा की, घरात तरी दिसाल."
ठेवलीही असती. अंग रोज दुखतं. पण आधी कळू दे — थकलंय कोण, गाडी की मी? पाय माझा जड झाला असेल तर आजच चावी देतो. पेशंट घेऊन पुलावर उभं राहणं आता सोसत नाही.
एसटीत सोपं होतं. ड्यूटी संपली की तक्रारवहीत लिहायचं, 'चढावर पिकअप नाही', सही ठोकायची, घर गाठायचं. पुढचं बघणारे दुसरे. तीस वर्षं तेच केलं.

१४ जानेवारी, संक्रांत
हंसावहिनी आल्या. एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात डिझेलचा डबा.
मंडळ कुणाकडून भाडं घेत नाही, मग ज्याला वाटेल तो मागाहून डिझेल आणून देतो. कुणी एकदाच देतो. वहिनी दर महिन्याला. त्यांचे मालक श्रीपतदादा गेल्या ऑगस्टात गेले, त्यांना मीच नेलं होतं. वाडीतल्या पंपासाठी दादांनी भरून ठेवलेला ड्रम आहे, त्यातलं पाच लिटर. मी टाकीत ओतेपर्यंत उभ्या राहतात. "तुमी होतात म्हनून भाऊजी, नायतर कोन आलं असतं आमच्या मालकांसाठी?" दर वेळी हेच. दर वेळी मी मान खाली घालून ओततो.

१६ जानेवारी
माणिकपूरला दीपेशच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. पोरगेला आहे, पण पाना उचलायच्या आधी प्रश्न विचारतो.
"काका, सपाटीला ठीक, लोडवर मरते?"
"हो."
"बंद पडली की थांबून परत चालू?"
"हो."
"धूर काळा?"
"नाही."
"मग हवा बरोबर मिळते, डिझेल मिळत नाही. फिल्टर चोक असणार, बाकी काय!"
खोलला. डब्यात उलटा केला, तर काळा गाळ, गंजाची कणी, तळाला पाणी. चहाच्या गाळणीत चोथा अडकावा तसं सगळं गच्च. सपाटीला लागतं तेवढं झिरपायचं, चढावर गाडी उपाशी! नवा बसवला, हवा काढली. पहिल्या सेल्फला सुरू.
पाय माझा ठीक आहे! रडू आलं, खोटं कशाला लिहू.
दीपेशने विचारलं, "डिझेल कुठलं टाकता?" माझ्या डोळ्यांसमोर वहिनींचा डबा. जुना ड्रम, गंज, पाणी. चिटणिसांनाही तेच सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला, दोष सापडला ना.

१९ जानेवारी, रविवार
वहिनींकडे गेलो. सांगायलाच हवं होतं. यापुढे डिझेल नको म्हटलं, ड्रममध्ये पाणी शिरलंय, फिल्टर त्यानेच तुंबला.
त्या कपडे वाळत घालत होत्या. हातातलं पातळ तसंच राहिलं. "म्हंजे सालोमीबायला पुलावर ठेवलं ते मीच?"
तुमची काय चूक, असं काहीतरी बोललो. पण 'नाही' म्हणालो नाही. चहा न घेता निघालो.

२२ जानेवारी
पूल तिसऱ्या गियरवर चढली. चिटणीस चावीचं नाव काढत नाहीत.

२४ जानेवारी
आगाशीच्या बाजारात गॅब्रिएल भेटला. वहिनी त्यांच्याकडे गेल्या होत्या. "अंकल, हंसाआंटी ममीचे पाय धरायला लागल्या! ममी घाबरली ना. त्यांना सांगा, आमचा काही राग नाही."
सांगतो म्हटलं. गेलो नाही. दमलो होतो, हे कारण नेहमी हाताशी असतं.

२६ जानेवारी, रविवार
चिटणिसांना हिशेबाला तारीख हवी, फिल्टर याआधी कधी बदलला होता? मला आठवेना. दुपारी गेल्या वर्षीची रोजनिशी काढली. पानन् पान बघितलं. बदललाच नव्हता. ऑगस्टपाशी थांबलो. अक्षर माझंच:
'२७ ऑगस्ट. श्रीपतदादांना नेलं. खाडीपुलावर बंद पडली, पाच-सात मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. चढावर पिकअप नाही.'
वहिनींचा पहिला डबा सप्टेंबरातला.

२७ जानेवारी
सकाळी वहिनींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि कडी लावून घेतली.