चौथी बाजू

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते आधी बाजूला ठेवलं असशील आणि ओटा आवरून, हात पुसून मगच उघडलं असशील. म्हणून कामाचं आधी सांगून टाकते. आपल्या डबल अल्बमची एक रेकॉर्ड तुझ्याकडे आहे. ती घेऊन तू माझ्याकडे यावंस. पोस्टाने पाठवू नकोस. वाटेत मोडेल, आणि मोडली नाही तरी ती मला पोस्टाने नकोच आहे. या महिन्यातच ये, पुढच्या महिन्यात येऊन उपयोग नाही. का ते सांगते, पण जरा आडवळणाने सांगू दे. सरळ सांगायचा धीर होत नाही.

जुन्या सामानाचं ते मिशीवाल्यांचं दुकान आठवतं ना? पंखे, इस्त्र्या, तीन पायांच्या खुर्च्या, आणि त्या सगळ्याच्या मागे रेकॉर्डचं खोकं. आईने आपल्याला पडद्यांसाठी कापड आणायला धाडलं होतं आणि आपण रॉकचा जुना अल्बम घेऊन घरी आलो. कव्हरच्या कोपऱ्याला सिगारेटचा चटका, आतल्या बाजूला कुणीतरी पेनाने काढलेली मांजर. आईने कपाळावर हात मारला. आणि खरं सांगू, पहिल्यांदा लावला तेव्हा आपल्याला तो मुळीच आवडला नव्हता. तू हे आता कबूल करणार नाहीस, पण पहिली बाजू संपल्यावर तुझं तोंड असं काही झालं होतं की मला हसू आवरेना. पडदे गेले ते गेलेच, वर हा गोंगाट. केवळ आईपुढे मान खाली जाऊ नये म्हणून आपण तो पुन्हा पुन्हा लावत राहिलो, आणि कधी गोडी लागली ते आपल्यालाही कळलं नाही.

नियम सगळे तुझे होते. सुईला हात तूच लावणार, रेकॉर्ड बदलणारही तूच. गालफुगीत माझा डावा कान गेल्यापासून तू मला नेहमी उजवा कान रेकॉर्डच्या पेटीकडे येईल अशी बसवायचीस. त्याबद्दल कधी बोलायची मात्र नाहीस, नुसतं खांद्याला धरून ढकलायचीस. चौथ्या बाजूवर एकच लांबलचक गाणं. गाणाऱ्याचे निम्मे शब्द कळत नसत. मग ऑर्गन थांबतो, ड्रम थांबतात आणि एकटी गिटार उरते. कामावरून सगळे निघून गेल्यावर एखादा माणूस सावकाश आवराआवर करतो, तशी ती वाजते. ती थांबली की आपण दोघी बराच वेळ काही बोलत नसू. आपल्या दोघींच्या उभ्या आयुष्यात मी गप्प बसल्याचे तेवढेच प्रसंग.

आमच्या दातांच्या लॅबमधली पोरं हेच गाणं फोनवर लावतात. त्यांच्या जन्माआधीचं गाणं, तरी काम करताना माना डोलावतात. मागे ऐकलं होतं तेव्हा त्यांचं स्वच्छ होतं, सगळी खरखर धुऊन काढलेली. त्यात खोट काहीच नाही. पण आपल्या रेकॉर्डवर गिटार सुरू व्हायच्या आधी ती थोडी खरखर यायची, आणि ती आली की मी श्वास धरायची. पोरांच्या गाण्यात श्वास कधी धरायचा तेच कळलं नाही. मला वाटतं हा अल्बम टिकला तो यामुळेच. वाजवणारे दमलेले आहेत हे त्यात ऐकू येतं, आणि दमलेले असूनही ते घाई करत नाहीत. ते लोक आता म्हातारे असतील किंवा नसतीलही. त्या बाजूवर मात्र ते अजून तिथेच बसलेले आहेत.

आईचं घर रिकामं केलं त्या दिवसाचा विषय मला काढायचा नव्हता, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. तू तिचं सगळं केलंस, शेवटपर्यंत. मी नोकरीच्या गावी. तू म्हणालीस की मी फक्त सुट्टीला यायची, पाहुणीसारखी. मी म्हणाले की तू कुणाला तिच्या जवळ फिरकूच दिलं नाहीस. दोन्ही खरं होतं, म्हणून तर इतकं लागलं. तुझा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ओरडली नाहीस. अगदी खालच्या पट्टीत बोललीस आणि चादरींच्या घड्या घालत राहिलीस. वाटण्या झाल्या तेव्हा मी एवढंच म्हटलं की पहिली रेकॉर्ड तू ठेव, शेवटची मला दे. तू साध्या कागदी पिशवीतून मला दुसरी दिलीस.

घरी येऊन लावली तर दोन्हीकडे मधलंच. दुसरी आणि तिसरी बाजू. सुरुवातही तुझ्याकडे आणि शेवटही तुझ्याकडे. तू जाणूनबुजून केलंस असं मी कितीतरी वर्षं धरून बसले. पुढे एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं की पूर्वी रेकॉर्ड आपोआप एकावर एक पडणाऱ्या पेट्या होत्या, त्यांच्यासाठी असंच छापायचे. पहिली आणि चौथी एका तबकडीवर, मधल्या दोन दुसरीवर. मी कधी रेकॉर्डला हातच लावलेला नव्हता, मला कुठून कळणार? तुला ठाऊक होतं, पण त्या दिवशी तुझं तरी डोकं कुठे ठिकाणावर होतं? मला दुसरी प्रत सहज मिळाली असती. घेतली नाही. हट्टी म्हण.

आता इकडचं. लोकांच्या कवळ्या बनवणं चालू आहे. मेणात दात रोवते, प्लास्टर कापते, घासूनपुसून चकचकीत करते. इतकी हसू बनवून दिली, पण एकाही गिऱ्हाइकाने मला हसून दाखवलं नाही. परवा घासायची मोटर दिवसभर चालूच राहिली. मला पत्ताच नाही. शेवटी मालकांनी येऊन बंद केली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी उगीचच प्लास्टर कालवायला घेतलं. मागे तू फोन केला होतास. किती दिवसांनी तुझं नाव स्क्रीनवर दिसलं. तू बरंच काही बोललीस आणि मी म्हणाले, वा, छान झालं. मग तुझा मेसेज आला, तुझ्या भावोजींचा जिन्यावरून पडून पाय मोडला, यात छान काय? त्यानंतर तू फोन केला नाहीस. भावोजींचा पाय आता कसा आहे? पलीकडून कुणीतरी बोलतंय एवढंच मला कळत होतं, ताई. तू आहेस आणि बोलते आहेस, याचाच इतका आनंद झाला की छान म्हणून बसले.

आता सांगतेच. उजव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला काढणार. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा रडत बसू नकोस. पण गाठीबरोबर नसही जाणार, आणि मग यंत्र लावूनही उपयोग नाही. म्हणून फोन नाही, पत्र. शांत खोलीत, कुणी अगदी जवळ बसून सावकाश बोललं तर मला अजून कळतं. चौथी बाजू एकदा ऐकायची आहे हे खरं आहे. पण ती मला अख्खी पाठ आहे, नंतरही ती डोक्यात वाजत राहील. तुझा आवाज मात्र माझ्याकडे एकच आहे, आईच्या रिकाम्या घरातला. मी तो बदलायचा किती प्रयत्न केला, बदलत नाही. तेव्हा रेकॉर्ड विसरलीस तरी चालेल, तू ये. भावोजींच्या पायाचं पहिल्यापासून सांग, शेजाऱ्यांचं सांग, भाजीवाल्याशी भांडलीस ते सांग. माझी खरडपट्टी काढ, मी मध्ये बोलणार नाही. काहीही बोल, पण बोलत राहा. घड्या घालतानाचा तो आवाज माझ्याजवळ शेवटचा म्हणून राहू देऊ नकोस.

तुझीच,
शेपूट