डॉक्टर मोहित्यांची बहीण

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार
आजपासून चहा बंद. गुप्तहेर हंबीर चहा पीत नाही.

हंबीरचं नवं पुस्तक चिंचवड स्टेशनवर आलं. पहिली प्रत माझी. उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये वाचन. सगळं मशीन शॉप डबे उघडून ऐकतं. निम्म्यांना वाचता येत नाही, बाकीच्यांना माझ्यासारखं येत नाही.

शॉपमधल्या गेनूनं घरचा निरोप आणला. त्याच्या बहिणीचा, कस्तुराचा, होकार की नकार ते गुरुवारी कळवतील. नकाराचा प्रश्नच नाही. राजगुरुनगरला बघायला गेलो तेव्हाच तिच्या वडिलांना, अर्जुनरावांना, सांगितलं होतं की हंबीरमध्ये आणि माझ्यात फरक फक्त पिस्तुलाचा. मिशी तीच. तोही बिनलग्नाचा, मीही. दोघंही कामामुळे. कस्तुरा सातवी शिकलेली, हंबीरची भक्त. दारामागे हसल्याचं ऐकू आलं.

५ फेब्रुवारी, सकाळी, कामावर पोचल्यावर
घात झाला. बसमध्ये प्रकरण नऊ वाचलं. हंबीर आपल्या जिवलग मित्राला, डॉक्टर मोहित्यांना, सांगतो की लग्न केलं नाही ते कामामुळे नाही. माझा जीव तुझ्यावर आहे, बायकोवर असावा तसा. यावर डॉक्टर म्हणतात, सांगायला इतकी वर्षं लावलीस. आणि त्याचा हात धरतात.

छपाईची चूक असेल म्हणून पान उजेडात धरून पाहिलं. छपाई उत्तम आहे.

आता शॉपला काय वाटेल? अर्जुनरावांना काय वाटेल? माझी तर झोपच उडणार. कंपनीच्या संडासात मिशी काढली. चहा घेतला. दोनदा.

त्याच दिवशी, दुपारी
प्रकरणं दोन-दोन पानांची, म्हणून मुद्दाम सावकाश वाचलं. प्रकरण आठ संपताच घसा बसल्याचं जाहीर केलं. टूलरूममधला करीम, माझा डब्याचा सोबती, मिशी कुठं गेली विचारत होता. उन्हाळ्यामुळे, म्हणालो. तो म्हणाला, फेब्रुवारी आहे.

६ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी
ठराव : जे लिहिलंय ते वाचायचं. आपण कोणाच्या बापाला भीत नाही.

दुपारी
प्रकरण नऊ उघडलं. समोर सगळं शॉप, पुढच्याच बाकावर गेनू. ऐन वेळी डॉक्टर मोहित्यांना बहीण काढली. नाव इंद्रायणी. हंबीरनं तिलाच सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या.

मग फोरमन बबनरावांनी घोळ घातला. ही बाई आजवर कुटं व्हती म्हणे. विलायतेत, मी म्हणालो. पुढच्याच पानावर डॉक्टर जळत्या गोदामात अडकतात आणि हंबीर आत उडी घेतो. नाइलाजानं बहिणीला आगीत ढकललं. पण नंतर हंबीरच्या जखमा बांधायला डॉक्टरच लागतात. ती नर्सही आहे, म्हणालो. बबनराव म्हणाले, भाजलेल्या हातांनी?

घंटा वाजली म्हणून वाचलो.

करीमनं डब्याला हात लावला नव्हता. जाताना हळूच म्हणाला, सुरय्यानं कालच वाचून दाखवलं मला. बहीणबिहीण काही न्हाई त्यात. असं का करतो भावा? त्याच्या बायकोकडे वेगळी आवृत्ती असावी, असं मी त्याला समजावलं.

७ फेब्रुवारी, गुरुवार, सुट्टी
सांगवीच्या खोलीवर अर्जुनराव स्वतः आले. पेढे आणले असतील म्हणून पिशवीकडे पाहिलं. पिशवीत छत्री होती.

काल घरी गेल्यावर गेनूनं इंद्रायणीची गोष्ट सांगितली. कस्तुरानं पुस्तक आधीच मिळवून वाचलेलं. मग तिनं ते प्रकरण घरच्यांना वाचून दाखवलं. अर्जुनराव म्हणाले, आमी जरा दचकलोच. पन हंबीर गडी खरं बोलला. मी घाईनं म्हणालो, मी तसा नाही. ते म्हणाले, त्ये कुणी इचारलं न्हाई. पोरगी म्हनती, जो दुसऱ्याच्या तोंडचं खरं बदलून सांगतो, त्यो उद्या माझं बोलनं बी बदलंल.

चहा न घेताच गेले.

तिच्या मनाची तयारी नव्हती. वर्षभरानं विचारतील.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
वर्षभरानं विचारणार नाहीत. गेनूनं स्पष्ट सांगितलं.

आज करीमनं वाचलं. प्रकरण नऊ पुन्हा पहिल्यापासून, आहे तसं. अडखळत वाचतो. हंबीर मनातलं बोलला तेव्हा कोणी हसेल म्हणून मी मान खाली घातली. कोणी हसलं नाही. कोणीतरी खोकलं. बबनराव म्हणाले, हं, म्होरं वाच.

हंबीरनं डॉक्टरांना आगीतून उचलून आणलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मागच्या बाकावर होतो, कोणाला दिसलं नाही. कस्तुराला सांगावंसं वाटलं. तिला आता काही सांगायची सोय नाही.