रोझीच्या माहेरच्या तळ्यातल्या कुर्ल्या

४ नोव्हें.
काचेच्या टाकीत पिल्लं! राईएवढी. कोळंबीसारखी, नांग्यांची ही क्रेफिश तर एकटीच आहे. दुकानदाराला फोन केला. "या जातीला नर लागत नाही, ताई."
बाबा काचेला नाक लावून. अर्धांगवायूनंतर त्यांचा पहिला स्पष्ट शब्द हिला दुकानात बघूनच आला. "कुर्ली." खेकडीच वाटली त्यांना. म्हणून तर घेतली.

१९ नोव्हें.
पिल्लं एकमेकांना खातात. बाबांना बघवेना. शेवटी शेजारची रोझी बादली भरून घेऊन गेली. तिचं माहेर आरे कॉलनीच्या कडेला, भाऊ सायमन तळ्यात रोहू पाळतो. "तिकडे सुखाने जगतील गं." मलाही बरं वाटलं.

२ मे
तळ्यातली कमळं कातरल्यासारखी, बांधाला बिळं, रोहूची पिल्लं गायब. रोझीने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यात कुर्ल्या, आमच्याच.
"मीच सोडल्या हे सायमनला सांगितलं नाही अजून."

३ मे
वर्गमैत्रीण वंदना प्राणिशास्त्र शिकवते. तिला विचारलं. "औषध टाकू नका, मासे मरतील. पिंजरे लावा. एक उरली तरी पुन्हा सगळं. आणि पावसात तळं वाहिलं की नाल्यात, मग कुठेही."

५ मे
दोघी गेलो. रोझीने सांगून टाकलं. ओरडेल वाटलं होतं. सायमन एवढंच म्हणाला, "दया आली ना तुला? मग आता मारायला पण ये." आणि चहा ठेवला.

११ मे
पिंजऱ्यात सुक्या बोंबलाची डोकी. भरून निघतात. आज एकीच्या शेपटीखाली अंडी, ती पायांनी हलवत होती. रोझी रडली. मग पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, वंदनाने सांगितल्याप्रमाणे.
हाताला वास जात नाही.

२० मे
आमच्या टाकीतलीलाही पुन्हा अंडी. बाबांना तळ्याचं सगळं सांगितलं. तुटक तुटक म्हणाले, "पोरां नको. आवस ऱ्हवांदे."
आई ठेवली. झाकणावर वजन. अंडी माझ्याच हाताने काढली, बाबांना आत झोपवून.

१ जून
पिंजरे रिकामे, कालही होते. रोझी म्हणाली, "संपल्या." सायमन बांधाला पत्रा ठोकत राहिला. एक बाजू व्हायचीय.
येताना नाल्यापाशी रोझीने रिक्षा थांबवली. उतरून पाण्यात बघत उभी.
"दिसलं काही?"
"गढूळ आहे गं."