तळाला चिकटवलेलं नाव

प्रिय कॅलम,

आईच्या अंत्यविधीसाठी चार दिवस म्हणून आले, त्याला अकरा आठवडे झाले. तू दुसऱ्याच दिवशी पर्थला पळालास. मीही निघणार होते. पण गावाने जेवणाची एकोणीस भांडी आणून दिली होती, प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. ती परत केल्याशिवाय इथून हलायचं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे.

दर भांड्यामागे एक चहा, लोणी लावलेला एक स्कोन-पाव आणि तोच विषय. पोस्टातल्या ग्लेनिसबाई म्हणाल्या, "बापाला टाकून जाणारी तू नव्हेस गं. भावाचं सोड." मी मान डोलावली. स्वतःचाच राग आला.

बाबा मात्र थांब म्हणत नाहीत. बॅग भरली तेव्हा म्हणाले, "जायचं तर जा की, मी कुठे अडवलंय?" आणि माझे बूट पुसून दाराशी ठेवले, अगदी त्यांच्या बुटांना लागून.

परवा एकोणिसावं भांडं पोचवलं. वाटलं, सुटले. आज सकाळी पलीकडच्या घरातले डेस वारले. दुपारपर्यंत मी त्यांच्या घरी द्यायला मटण शिजवून आईच्या भांड्यात भरलंही होतं. भरण्याआधी ते उलटं करून बघितलं होतं मी. तळाला तिचं नाव होतं. ते नखाने खरवडलं आणि माझं चिकटवलं.

हे पत्र टाकणार नाही. ग्लेनिसबाई पाकीट बघून विचारतील, भावाला काय कळवलंस.

आता ते भांडं परत यायची वाट बघायची.

तुझी,
रोवेना