दोघांचंच ग्रीस

१४ जून, नळदुर्ग
ठरलं. सप्टेंबरात ग्रीस. बेटावरचं एक खेडं. नाव धड उच्चारता येत नाही, म्हणजे गर्दी नसणारच. फोटोत चार होड्या, एक चर्च, एक मांजर.
महेश्वरी म्हणाली, लग्नाला वीस वर्षं झाली. महाबळेश्वरलाही तुमची आत्या बरोबर होती. या वेळी दोघंच. भावकीतलं एक जरी माणूस आलं, तर मी माझी वेगळी निघून जाईन. मी शब्द दिला.
संकल्प: कुणाला सांगायचं नाही.

१९ जून
चुलतभाऊ गुरुलिंग दुकानात आला, सोयाबीनचं बियाणं न्यायला. टेबलावर पासपोर्ट. कुठं निघालात, म्हणाला. खोटं कसं बोलणार? सांगितलं. आणि सांगितल्यावर, चला की तुम्हीपण, असं म्हणावंच लागतं. जेवताना कुणी दारात आलं तर आपण या जेवायला म्हणतोच. तो काही ताटावर बसत नाही. हे आमंत्रण नव्हे, रीत आहे. स्वतःला कसून तपासलं. शब्द मोडलेला नाही.

२१ जून
गुरुलिंग ताटावर बसला. म्हणाला, दादा, तुम्ही एवढ्या मायेनं बोलावलं, न्हाय कसं म्हणू? बायको श्रीदेवीही येणार. आता मागं फिरणं म्हणजे त्याचा अपमान. महेश्वरीला योग्य वेळी सांगेन.

२ जुलै
शंभुलिंगकाकांच्या पाया पडायला गेलो. गुरुलिंगनं तिथं आधीच बातमी पोचवलेली. धाकट्याला विचारलं आणि थोरल्यांना नाही, हे बरं दिसतं का? विचारलं. पण मुद्दाम हळू आवाजात. काकांना कमी ऐकू येतं, यावर माझी भिस्त होती.
काका म्हणाले, व्हय, येतो की. माकणीचं धरण लई बघितलं, आता समुद्रबी बघू.

५ जुलै
श्रीदेवीनं योग्य वेळ येऊ दिली नाही. महेश्वरीला सगळं कळलं. ती चिडली नाही, हे विशेष. एवढंच विचारलं, व्हिसा सगळ्यांना मिळतो का? मी छातीठोकपणे सांगितलं, शक्यच नाही. ते लोक फार कडक असतात.

२० ऑगस्ट
सगळ्यांना मिळाला. काकांचा सर्वांत आधी.

८ सप्टेंबर, ग्रीस
गाव हुबेहूब फोटोसारखं. मांजरसुद्धा तेच असावं. अपार शांतता. काका ऐकू येत नसल्यामुळे ओरडून बोलतात, तेवढंच. रस्त्यानं कुणी चाललं की भाड्याच्या घराच्या ओट्यावरून कानडीत बर्री, बर्री, म्हणजे या, या, म्हणून बोलावतात आणि कडक भाकरी हातावर ठेवतात. लोक बसतात. संध्याकाळी ओट्यावर जागा नव्हती.
निर्धार: रोज पहाटे आम्ही दोघंच समुद्रावर जाणार. यात तडजोड नाही.

९ सप्टेंबर
पहाटे निघालो. ओट्यावर काका पूजा आटोपून बसलेले. बसलेल्या माणसासमोरून न विचारता पुढं कसं जायचं? येता का, म्हटलं. आले. एकटे काका कंटाळतील म्हणून मग गुरुलिंगलाही उठवलं. महेश्वरी पुढं चालत राहिली. तिचा चालण्याचा वेग चांगला आहे, हे मला माहीतच नव्हतं.

१० सप्टेंबर
घरमालकीणबाई आणि महेश्वरी दिवसभर शेंगा सोलत बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी हसत होत्या. पलीकडच्या बेटाकडं बोट दाखवून काही चाललं होतं. मी जवळ गेलो तेव्हा थांबल्या. काहीतरी बोलायचं म्हणून बाईंना म्हटलं, नळदुर्गला या एकदा. गुरुलिंगनं फोनवरून लगेच भाषांतर करून ऐकवलं. बाईंनी महिना विचारला. बहिणी धरून चौघी आहेत.
महेश्वरी सोललेल्या शेंगा घेऊन आत गेली.

११ सप्टेंबर
महेश्वरी सकाळच्या बोटीनं पलीकडच्या बेटावर गेली. मालकीणबाईंच्या ओळखीचं घर आहे, एकच खोली. घरी परतायच्या दिवशी येईन म्हणाली. जूनमध्ये बोलली होती तसंच वागली. इतकं शब्दशः वागणं मला पटत नाही.
धक्क्यावर सगळे गेलो. ती काकांच्या पाया पडली. श्रीदेवीकडं शेंगाचटणीचा डबा दिला, माझ्याकडं खोलीची किल्ली. मी बॅग भरून, चप्पल घालून तयारच होतो. तिनं विचारायचाच अवकाश.
बोट सुटली. एकदाही, अगदी तोंडदेखलंसुद्धा, येता का म्हणाली नाही.
वीस वर्षं आमच्या घरात काढून माणसाला एवढी साधी रीत कळू नये?