जीपचं हिरवं पाणी जातं कुठं?

शेलूबाजारजवळून,
रविवार दुपार

तीर्थस्वरूप हरीओममामा,

साधनाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींनाही तसाच केला असता, पण कोणी वाकलं की त्या पाय मागे घेतात, म्हणून त्यांना लांबूनच. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आई बरी आहे, बाबा बरे आहेत, मोठे बाबा बरे आहेत, म्हैस बरी आहे. बरी नाही ती फक्त जीप, आणि तिच्यापायी मी.

फोन न करता पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. आपल्या घरात फोन स्पीकरवर ठेवल्याशिवाय कोणी बोलत नाही. मी हॅलो म्हणायच्या आत आई स्वयंपाकघरातून आणि बाबा ओसरीवरून बोलायला लागतात. मला जे सांगायचं आहे ते घरातल्या एका माणसाच्या कानावर अजिबात जाता कामा नये. म्हणून हे पत्र तुरीच्या डाळीच्या पिशवीत तळाशी ठेवून शेजारच्या शिवमबरोबर पुण्याला पाठवते आहे. (डाळ डब्यात ओतताना मामींच्या हाती आधी लागलं तर त्यांनी वाचायला हरकत नाही.)

मामा, तुम्ही ही जीप आम्हाला दिलीत तेव्हा मला केवढा आनंद झाला होता, तुम्हाला आठवत असेल. आपल्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. मी कॉलेजला कशी गेले ते मलाच माहीत आहे. सकाळची एसटी कधी आली, कधी आली नाही, आणि आली नाही की फाट्यापर्यंत चालत. म्हणून मी ठरवलं की माझ्यानंतरच्या मुलींनी चालायचं नाही. घरोघरी जाऊन आईवडिलांची समजूत काढली. बाबा सकाळी सात मुलींना मंगरुळपीरला कॉलेजात सोडतील, दुपारी परत आणतील, जबाबदारी माझी, असा शब्द दिला. (शब्द दिला तेव्हा जीपमध्ये पाणी किती लागतं हे मी विचारलं नव्हतं. बी.एस्सी.ला हा प्रश्न येत नाही.) सगळ्यात उशिरा तयार झाले ते दौलतराव. त्यांची निकिता हुशार आहे, पण दौलतरावांचं म्हणणं असं की हुशारी सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीलाही कामी येते.

तर ही जीप महिन्याभरापासून पाणी गिळते आहे. रेडिएटरशेजारी जी पांढरी बाटली आहे, तिच्यात बाबा इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट खुणेपर्यंत भरतात आणि सकाळी पाहावं तर पातळी खाली. बरं, नुसती खाली नाही, रंगही फिका. जे उरतं ते हिरवं म्हणावं तर हिरवं नाही, पाणी म्हणावं तर पाणी नाही, पाहुण्यांना उशीर झाल्यावर वाढवलेल्या सरबतासारखं. रस्त्यात गाडीचा तापमानाचा काटा चढत जातो. दोनदा ती वाफ सोडत उभी राहिली. दुसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा पोहरादेवीहून परतणाऱ्या लोकांची गाडी थांबली. त्यांनी मुलींना प्यायला पाणी दिलं, प्रसाद दिला, धीर दिला आणि मुलींच्या आधी गावात पोहोचून बातमीही दिली.

त्या संध्याकाळी दौलतराव आमच्या ओसरीवर आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "रामकिसन, पोरगी कालेजात पाठवली का रस्त्यावर उभी कराले? आता एकडाव गाडी बंद पडली तं निकिता सोंगणीले जाईन. मंग साधनाबाईनं माह्या घरी भाषन द्याले येऊ नये." ते गेल्यावर बाबा आईकडे पाहून म्हणाले, "तुया भावानं जीप देल्ली का फुटका रांजन देल्ला?" आई म्हणाली, "माह्या भावाच्या घरी चांगली चालत होती. तुमच्या घरी येऊन तं चांगलं मानूसही गयते." गळण्याचा विषय माणसांवर आला, तेव्हा मी बोनेट उघडलं.

मामा, मी पद्धतशीर शोध घ्यायचं ठरवलं. आधी निरीक्षण, मग अनुमान. किराणा दुकानातून पुठ्ठ्याची खोकी आणली, उलगडली आणि रात्रभर जीपखाली पसरून ठेवली. गळती असेल तर डाग पडेल. सकाळी पुठ्ठ्यावर एक डाग होता खरा, पण तो कोंबडीचा होता. पाईप, नळ्या, क्लिपा सगळं हात फिरवून पाहिलं. कोरडं. (हात मात्र दोन दिवस काळे राहिले, आणि मला पाहायला आलेल्या माणसांसमोर मी चहाचा ट्रे तशाच हातांनी नेला. ते स्थळ पुन्हा आलं नाही. त्याची काळजी नाही.)

मग कुठेतरी वाचलं की कूलंट इंजिनात जळत असेल तर धुराला गोडसर वास येतो. म्हणून बाबांना गाडी सुरू करायला सांगून मी सायलेन्सरपाशी बसून वास घेत राहिले. वास डिझेलचाच येत होता. गोड काहीच नव्हतं. डोकं वर केलं तर समोर दौलतराव. ते मान हलवत निघून गेले. दुसऱ्या दिवशी निकिता मला म्हणाली, "ताई, आमचे बाबा म्हनतेत, शिकून पोरीचं डोस्कं फिरते याचा पुरावा भेटला." पोरगी हसत होती. मला हसू आलं नाही. तिचं हे पहिलं वर्ष आहे, आणि ते सोयाबीनच्या एका शेतावर टांगलेलं आहे.

शेवटी गाडी शेलूबाजारला राजपालकडे नेली. त्यानं तेलाचं झाकण उघडून पाहिलं. तेलात पाणी गेलं असतं तर खाली ताकासारखा फेस दिसला असता, तसं काही नव्हतं. हवा भरून दाब पाहिला, दाब धरून राहिला. मग तो हात पुसत म्हणाला, "मलेच समजून नाही राह्यलं. पानी बाहेर नाही, तेलात नाही, धुरात नाही. मंग जाते कुठी? आता इंजिनच खोलून पाहाव लागते." म्हणजे दिवाळीपर्यंत गाडी त्याच्याकडे. म्हणजे परीक्षा बुडाल्या. म्हणजे निकिता सोंगणीला, आणि ती गेली की बाकीच्याही एकेक करून जातील, कारण गावात मुलगी कॉलेजातून काढायला एकाच घराची सुरुवात लागते. मामा, मला जेवण जाईना. रात्री डोळे मिटले की तो काटा चढताना दिसायचा. (तुम्ही गाडी देताना काही लपवलं होतं का, अशीही शंका मनात आली. क्षमा करा. ती आईला बोलून दाखवली नाही, नाहीतर मी आज पत्र लिहायला शिल्लक नसते.)

उरलं एकच अनुमान, चोरी. कूलंट कोण चोरणार आणि चोरून त्याचं काय करणार, हे मला सांगता आलं नसतं. तरी काल संध्याकाळी गाडी गोठ्यात लागल्यावर मी कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगामागे जाऊन बसले. तुम्हाला माहीत आहेच, जीप आमच्याकडे गोठ्यातच उभी असते. तिच्यासाठी जागा करायची म्हणून मोठ्या बाबांची बैलजोडी यंदाच्या पोळ्यानंतर विकली. बाबांच्या या थोरल्या भावानं आयुष्यभर बैलांशिवाय काही केलं नाही. जोडी गेल्यापासून ते घरात कोणाशी फार बोलत नाहीत. जेवायला हाक मारली की येतात, जेवतात, आणि पुन्हा रिकाम्या दाव्यापाशी जाऊन बसतात. आम्हाला वाटायचं, सवय आहे, बसू द्या.

तर कुटार नाकात जात होतं, शिंक दाबून मी बसले होते, आणि मोठे बाबा आले. हातात बादली आणि लोटा. त्यांनी बोनेटला हात लावला, चटका बसला, हात मागे घेतला. मग जीपच्या पुढच्या भागावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "थांब वो माय. आंधी दम खाय. गरम अंगानं पानी पेशीन तं पोट फुगीन." आणि खरोखर शेजारी बसून राहिले, विडा चघळत, गाडीशी बोलत. सोयाबीनला यंदा भाव नाही, अमक्याची म्हैस व्याली, बाबांना गाडी हाकता येत नाही, नुसती दामटतात. मामा, वर्षभरात घरात बोलले नसतील एवढं ते जीपशी बोलले. थोड्या वेळानं उठले, कळ दाबून बोनेट वर केलं, ती बाटली सराईतपणे खोबणीतून उचलली, नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं. "काय शेवाळ पाजून राह्यले तुले हे लोकं!" असं म्हणून त्यांनी ते सगळं हिरवं कूलंट उकिरड्यावर नेऊन ओतलं, बाटली राखेनं घासली, विसळली, आणि तिच्यात बोअरचं स्वच्छ पाणी भरलं, नळीत राहिलेलं हिरवं त्यात उतरून फिकं झालं. तेही अर्धंच. दमून आलेल्या जनावराला पोटभर पाजायचं नसतं.

मी ढिगामागे तोंडावर ओढणी दाबून बसले होते. हसू येत होतं की रडू, मला आजही सांगता येत नाही. पहिली भीती कोंबड्यांची वाटली, कारण कूलंट विषारी असतं. (कोंबड्या मोजल्या, सगळ्या आहेत. उकिरड्याचा तो भाग माती टाकून बुजवला.) दुसरी भीती बाबांची. त्यांना कळलं तर ते मोठ्या बाबांवर ओरडतील, आणि मोठे बाबा गोठ्यात जाणंही सोडतील. आणि मी स्वतः सांगावं, तर कोणत्या तोंडानं? गावातल्या प्रत्येक ओसरीवर जाऊन मी समजावून सांगते की माणसाला माहिती दिली पाहिजे, आणि आपल्याच गोठ्यातल्या माणसाला बाटलीत काय असतं ते आम्ही कोणी सांगितलं नाही. बोअरच्या पाण्यानं चहाच्या भांड्यालाही पांढरा थर बसतो, मग जीपच्या आत काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. राजपालला आज सकाळी एवढंच सांगितलं की इंजिन खोलू नकोस, आत धुऊन दे. त्यानं धुतलं, तर चुनखडीचा चिखल निघाला. तो विचारत होता की कारण काय सापडलं. मी म्हटलं, घरगुती आहे.

तेव्हा मामा, विनंती अशी. बाजारात जनावर विकताना विकणारा त्याच्या खोडी सांगतो, आणि घेणारा त्या जन्मभर पाळतो. मोठ्या बाबांचा यावर फार विश्वास आहे. तुम्ही त्यांना फोन करा (स्पीकरवर राहूनच करा) आणि जीपचे जुने मालक म्हणून सांगा की, पुंजाजीभाऊ, घाईत एक सांगायचं राहिलं, हिला लहानपणापासून हिरव्याच पाण्याची सवय आहे, साधं पाजलं तर ती रस्त्यात बसते. हे थोडं खोटं आहे. मी खोट्याच्या विरुद्ध आहे. तरी करा.

आपली भाची,
साधना

ता. क. : सोमवार रात्र. शिवमची सुट्टी दोन दिवसांनी वाढली, म्हणून पिशवी अजून इथेच आहे. तुम्ही फोन करू नका. माझ्याच्यानं राहवलं नाही. आज गोठ्यात जाऊन मी मोठ्या बाबांना सगळं खरंखरं सांगितलं, बाटली दाखवली, चिखल दाखवला. त्यांनी चिखल बोटावर घेऊन हुंगला. मग म्हणाले, "हरीओमनं देतानी खोड सांगाची होती ना. मुकं जनावर, ते कसं सांगीन?" म्हणजे दोष तुमच्यावर गेला. मी तो तिथेच राहू दिला, कारण तुम्ही पुण्यात आहात. बाबांना अजून काही माहीत नाही. कूलंटचा डबा आता मोठ्या बाबांच्या ताब्यात आहे. बाबांना हात लावू देत नाहीत.

ता. क. २ : बुधवार. गाडी दोन दिवस मंगरुळपीरला जाऊन आली, काटा हलला नाही. कारण मोठे बाबा स्वतः सोबत जातात. पुढच्या सीटवर मांडी घालून, मांडीत डबा घेऊन. दौलतराव पाहून खूश झाले. "घरचं मोठं मानूस गाडीत हाय, आता फिकर नाही," म्हणाले. पण मामा, पुढच्या सीटवर दोन मुली बसायच्या. एक कशीबशी मागे मावली. सगळ्यात शेवटी चढते ती निकिता, ती आता मागे आडव्या ठेवलेल्या स्टेपनीवर बसते. आज दौलतरावांना तेही दिसलं. "माही पोरगी काय चाकावर बसून डिग्री घेईन?" सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. मोठ्या बाबांना उतरवायची हिंमत घरात कोणातच नाही, माझ्यात तर नाहीच.

म्हणून खरं काम असं : जीपच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकं असतात. आपल्या गाडीत एकच आहे. दुसरं तुमच्या गॅलरीत आहे आणि त्यावर बसून मामी भाजी निवडतात. ते या शनिवारच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाका, आम्ही शेलूबाजारला उतरवून घेऊ. मामींना बसायला माझ्याकडून पाट घेऊन द्या. (त्यांनी पत्र वाचायला हरकत नाही म्हटलं होतं, ते हा शेवट सोडून.) बाक आलं नाही तर सोमवारी निकिता विळा घेऊन शेतात जाईल, आणि जीप मात्र कुठेही न थांबता, वेळेवर, थंडगार मंगरुळपीरला पोहोचेल.