टाचेकडे बघ

बाबा,

काल चारकोपच्या आपल्या गॅरेजात एक पिकअप आली होती, तिच्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. खारदांड्याचा एक कोळी तिने होड्या वाळूतून वर ओढतो. चाकं रुततात म्हणून त्याने गाडी चार बोटं उंच करून घेतली आणि मूळच्यापेक्षा बरेच मोठे टायर चढवले. तेव्हापासून स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाक कुठेतरी घासतं. एका मेकॅनिकने मडगार्डच्या आतलं प्लास्टिक कापून दिलं, तरी आवाज जाईना. "ताई, आई शेजारी बसते ना, ती घाबरते," तो म्हणाला. मीही आधी प्लास्टिकच बघितलं. एका जागी घासून चकाकी आली होती. तेवढं गरम करून मागे दाबलं आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. आवाज नाही. किल्ली द्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला, कारण मला ती जीप आठवली.

त्या जीपच्या वेळी मी एकोणीस वर्षांची आहे. जीपचे टायर असेच मोठे, आणि मी तुम्हाला न विचारता मडगार्डचा पत्रा कापून मोकळी झालेय. तुम्ही ओरडत नाही. पत्र्याचा तुकडा उचलून बाजूला ठेवता आणि म्हणता, "उभी गाडी खोटा बोलता गो." मग चप्पल काढून उजवा पाय फरशीवर ठेवता आणि पाऊल मधोमध खिळल्यासारखं जागच्या जागी वळवता. चवडा बाहेर जातो, टाच आत येते. "चाक असाच वळता. सगळे चवड्याक बघतत. तू टाचेक बघ." त्यानंतर जीपमध्ये रेतीच्या गोण्या भरून घेता, टायरला खडू फासायला लावता. गाडी निघण्याआधीच डोळे मिटून टायरच्या आतल्या अंगावर तळहात फिरवता आणि एका ठिकाणी थांबता. "हंयसर." मी खड्ड्यांतून चक्कर मारून येते, वाकून बघते, तर बरोबर तिथलाच खडू पुसलेला असतो. तेव्हा मला तो योगायोग वाटला होता. गिरणी बंद पडल्यावर चाळिशीत पाना हातात घेतलेला, चौथी शिकलेला माणूस, न फिरणारं चाक हाताने फिरताना बघू शकतो, हे मानायला माझं डिप्लोमाचं डोकं तयार नव्हतं.

काल मी त्या कोळ्याला थांबवून घेतलं. मागे गोण्या भरल्या, टायरच्या आतल्या बाजूला खडू फासला आणि इंडस्ट्रियल इस्टेटीमागच्या उखडलेल्या रस्त्यावर चाक पूर्ण वळवून गाडी खड्ड्यात घातली. परत येऊन खाली शिरले. प्लास्टिक स्वच्छ होतं. पांढरा झाला होता तो ब्रेकचा रबरी पाइप. गाडी उंच करताना कुणीतरी त्याची पकड चुकीच्या जागी बसवली होती. बोजा घेऊन गाडी खाली दबली की चाकाची टाच येऊन त्याला चाटत होती. पाइपाची वरची साल गेली होती, आतले धागे दिसत होते. मी किल्ली देऊन टाकली असती तर कुठल्यातरी उतारावर ब्रेक लागला नसता आणि शेजारच्या सीटवर त्याची आई असती. भीती होतीच, पण त्याहून जास्त काहीतरी होतं. देवळात घंटा वाजून गेल्यावर अंगात राहतं तसं.

पाइप नवा घातला, पकड वर सरकवली, चाक वळण्याची हद्द थोडी कमी केली. गाडी फार खाली बसू नये म्हणून दबणाऱ्या जागी जाड रबरी ठोकळे बसवले. पुन्हा खडू, पुन्हा खड्डे. या वेळी कुठेच काही लागलं नाही. मी त्याला सांगितलं, "वळायला आता जरा जास्त जागा लागेल." तो म्हणाला, "लागू दे की, किनारा काय छोटा आहे?" मग जुना पाइप हातात घेऊन त्याने उघड्या धाग्यांवरून बोट फिरवलं.

"ताई, हे कुणाकडनं शिकलात?" त्याने विचारलं.

"अनुभवाने येतं," मी म्हटलं.

तुमच्याबद्दल बोलले नाही, बाबा. बोलले असते तर त्याच्यासमोर रडू आलं असतं, पण तो गेल्यावर 'अनुभवाने येतं' हे माझं खोटंच मला रडण्यापेक्षा जास्त लागलं. तुम्ही आता नाही, हा कागद कुठे धाडायचा नाहीच, म्हणून इथे कबूल करते.